फौजेबरोबर जाणारा पाळक

शास्त्रवाचन : अनुवाद २०:१–९, योहान १०:११–१५, १ थेस्सलनीकाकरांस २:७–१२.
पाठ करावयाचे वचन : १ थेस्सलनीकाकरांस २:८.
पाठाचा हेतु : पाळकाची खरी तयारी म्हणजे आपल्या माणसांबरोबर जाण्याची तयारी होय, हे समजून घेणे.

प्रस्तावना



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे एखादे तरी घर असते की, त्याच्या भिंतीवर फौजी पोशाखातील मुलाची तसबीर लावलेली असते. सुटी संपवून तो मुलगा परत निघाला म्हणजे आई गाडीपर्यंत जाते, उपदेशक प्रार्थना करितो, आणि गाडी दिसेनाशी झाली म्हणजे सर्व जण आपापल्या कामास लागतात. त्यानंतर आईच्या मनात एक प्रश्न उरतो. जेथे मंडळी नाही, घंटा नाही, आज रविवार आहे हेही कोणी सांगत नाही, तेथे ह्या मुलाच्या जिवाची काळजी कोण घेतो?

दुसराही एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. शांतीच्या अधिपतीचा सेवक फौजेबरोबर जातो हे कसे? त्याच्या हाती तलवार नाही, बंदूक नाही. मग तेथे त्याचे काम तरी कोणते?

ह्या दोन प्रश्नांस धरून आजचा पाठ आहे. ज्यांच्या घरचे कोणी फौजेत नाही त्यांनी हा पाठ आपला नव्हे असे समजू नये. शेवटी तो आपणां सर्वांच्या, विशेषेकरून आम्हां पाळकांच्या व उपदेशकांच्या, दारापर्यंत येऊन पोहोचतो.

१. शास्त्रात ह्या सेवेचे मूळ

अनुवादाच्या विसाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांस लढाईविषयी नियम देतो. शत्रूचे घोडे व रथ दिसू लागले आणि लढाईची वेळ जवळ आली म्हणजे सर्वांच्या अगोदर कोणी बोलावे? सेनापतीने नव्हे, तर याजकाने. त्याने लोकांसमोर येऊन त्यांस सांगावे की, घाबरू नका, तुमचा देव तुमच्याबरोबर चालत आहे. ह्यापलीकडे त्याने काही सांगावयाचे नाही. डावपेच शिकविणे हे त्याचे काम नव्हे.

याजकाचे बोलणे झाल्यावर अंमलदारांनी लोकांस विचारावे की, कोणी नवे घर बांधून त्यात राहावयाचा राहिला आहे काय? कोणी द्राक्षमळा लावून त्याचे फळ चाखिले नाही काय? कोणाची मागणी झाली असून लग्न राहिले आहे काय? अशाने घरी परत जावे. शेवटी असेही विचारावे की, कोणाचे मन भ्याले आहे काय? त्यानेही घरी जावे, नाहीतर त्याच्या भावांचीही मने खचतील.

ह्या भागात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, याजक मंदिरात बसून निरोप पाठवीत नाही. तो जेथे लोक उभे आहेत तेथे स्वतः येऊन उभा राहतो. दुसरी ही की, शास्त्र माणसाचे भय लपवीत नाही. भ्यालेल्या माणसास कोणी शिव्या देत नाही. त्याचे भय उघड विचारले जाते. फौजेबरोबर जाणाऱ्या पाळकास ह्या दोन गोष्टी प्रथम शिकाव्या लागतात : जवळ येऊन उभे राहणे, आणि भ्यालेल्या माणसाचे ऐकून घेणे.

२. एका झग्याची गोष्ट

फौजेतील पाळकास इंग्रजीत चॅप्लेन म्हणतात. हा शब्द कोठून आला हे ऐकण्याजोगे आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक तरुण रोमी फौजेत शिपाई होता. तो अद्याप बाप्तिस्मा घेण्याच्या तयारीत होता. एके हिवाळ्यात गॉल देशातील, म्हणजे हल्लीच्या फ्रान्समधील, आमियां नगराच्या वेशीपाशी त्यास एक उघडा भिकारी कुडकुडत असलेला दिसला. मार्टिनजवळ द्यावयास पैसा नव्हता. तेव्हा त्याने आपल्या अंगावरील झगा तलवारीने दुभंगिला आणि अर्धा त्या भिकाऱ्याच्या अंगावर घातला, अशी कथा त्याच्या चरित्रात सांगितली आहे. पुढे तो फौज सोडून देवाच्या सेवेस लागला आणि तूर नगराचा बिशप झाला.

लॅटिन भाषेत झग्यास कॅपा म्हणतात. मार्टिनच्या पश्चात फ्रँक लोकांच्या राजांनी तो झगा मोठ्या आदराने जतन केला, आणि ते लढाईस जात तेव्हा तो बरोबर नेत. तो झगा सांभाळणाऱ्या याजकास जे नाव पडले, त्यापासूनच चॅप्लेन हा शब्द निघाला. आणि तो झगा ठेवण्याच्या जागेवरून लहान प्रार्थनामंदिरास चॅपल हे नाव पडले.

झग्याची पूजा करावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु ह्या शब्दाच्या मुळाशी कोणती गोष्ट आहे ती पाहा. तलवारीने शत्रू कापला गेल्याची ती गोष्ट नाही. स्वतःची घोंगडी कापून उघड्या माणसास पांघरूण दिल्याची आहे. जो कोणी चॅप्लेन म्हणवितो त्याच्या नावातच त्याचे कर्तव्य सांगितलेले आहे.

३. हटन रूफचे पाळक

आता अगदी अलीकडच्या काळातील एक उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या उत्तरेस वेस्टमोरलंड परगण्यात हटन रूफ नावाचे एक लहान खेडे आहे. १९१३ साली तेथे थिओडोर बेली हार्डी नावाचे पाळक आले. त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १८६३ चा. आयुष्याचा बराच भाग त्यांनी शाळामास्तर म्हणून घालविला होता. नॉटिंगहॅम येथे त्यांनी पुष्कळ वर्षे शिकविले व पुढे बेंथम येथील शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. पत्नीची प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी शाळेचे काम सोडून हे लहान खेडे पत्करिले. १९१४ च्या उन्हाळ्यात त्यांची पत्नी वारली, आणि थोड्याच आठवड्यांनी पहिले महायुद्ध पेटले.

हार्डी शरीराने लहानखोर, स्वभावाने अबोल व संकोची होते. सभा गाजविण्याची हातोटी त्यांच्या अंगी नव्हती. परंतु ज्या मुलांना त्यांनी शिकविले होते ती आता मोठी होऊन खंदकांत मरत होती. त्यांनी फौजेत पाळक म्हणून जाण्यासाठी अर्ज केला. उत्तर आले की, आपले वय फार झाले आहे.

येथे पुष्कळांची गोष्ट संपली असती. "मी विचारले होते, त्यांनी नाही म्हटले," असे म्हणून मनुष्य समाधानाने घरी बसतो. हार्डी तसे बसले नाहीत. पाळक म्हणून नेत नाहीत तर जखमी माणसांची डोली उचलणारा म्हणून जाता येईल, अशा विचाराने पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ जखमा बांधण्याचे व जखमी उचलण्याचे शिक्षण घेऊ लागले. आणि ते पुनः पुनः अर्ज करीत राहिले. शेवटी, फौजेस पाळकांची उणीव भासू लागली तेव्हा, १९१६ च्या ऑगस्टात त्यांस घेण्यात आले. १९१४ साली युद्धाच्या आरंभी ब्रिटिश फौजेत अवघे ११७ पाळक होते. युद्ध संपले तेव्हा ती संख्या तीन हजारांवर गेली होती, ह्यावरून गरज केवढी होती हे कळेल.

४. त्यांची तयारी

रणांगणी जाणाऱ्या शिपायाची तयारी आपणांस ठाऊक आहे : कवाइत, नेम धरणे, बोजा घेऊन मैलोगणती चालणे. पाळकाची तयारी कोणती? हार्डी ह्यांच्या उदाहरणावरून आपण ती चार कलमांत पाहू.

पहिली, हाताची तयारी. वर सांगितल्याप्रमाणे त्यांनी अगोदर जखमा बांधावयास शिकून घेतले. रक्त वाहत असलेल्या माणसास प्रथम पट्टी पाहिजे, मग वचन. शोमरोनी मनुष्याने तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधिल्या, हे प्रभूने त्या दाखल्यात मुद्दाम सांगितले आहे. ज्याचे हात काहीच जाणत नाहीत त्याचे तोंड लवकर पोकळ होते.

दुसरी, शिकण्याची नम्रता. फ्रान्समध्ये उतरल्यावर हार्डी ह्यांस प्रथम एताप्ल येथील मोठ्या छावणीत ठेविले होते. ते पुढे आघाडीकडे जावयाचे होते. त्या सुमारास त्यांची गाठ जेफ्री स्टडर्ट केनेडी नावाच्या दुसऱ्या पाळकाशी पडली. केनेडी हे हार्डींहून वीस वर्षांनी लहान. परंतु ते १९१५ च्या अखेरीपासून फौजेत होते आणि शिपायांचे फार आवडते होते. त्रेपन्नाव्या वर्षी, आयुष्यभर शिक्षक राहिलेल्या ह्या गृहस्थांनी त्या तरुणास विचारिले की, मी माझे काम कसे करावे ते मला सांगा. बंधूंनो, आपल्यापैकी किती वडील पाळक एखाद्या तरुण उपदेशकापाशी असे विचारावयास जातील?

तिसरी, कोठे राहावयाचे ह्याचा निश्चय. केनेडींनी दिलेल्या सल्ल्याचे सार असे होते की, माणसांबरोबर राहा, ती जेथे जातील तेथे जा, त्यांचा धोका तो आपला धोका समजा. मागे सुरक्षित जागी राहून आपण पुढे असलेल्यांची सेवा करू असे जर तुम्हांस वाटत असेल, तर तुम्ही आपला वेळ फुकट दवडीत आहात. युद्धाच्या पहिल्या काळात अँग्लिकन पाळकांनी अगदी पुढच्या खंदकांत जाऊ नये असा दंडक होता, आणि त्यामुळे शिपाई त्यांस मनात हसत. हार्डींनी छावणीत असतानाच निश्चय केला की, आपले बिऱ्हाड पुढे राहील.

चौथी, काय बरोबर न्यावे हे ठरविणे. केनेडींच्या सल्ल्याप्रमाणे झोळीत थोड्या विड्यासिगारेटी असाव्या आणि अंतःकरणात पुष्कळ प्रीति असावी. माणसांबरोबर हसावे, बोलावे. कधीकधी त्यांच्याबरोबर प्रार्थना करता येईल, परंतु त्यांच्यासाठी प्रार्थना मात्र निरंतर करावी. तंबाखूची शिफारस हे पत्र करीत नाही. तथापि मुद्दा विसरू नये : भिजलेल्या, थंडीने गारठलेल्या माणसास जे हवे असते, ते घेऊन जावे, आपणांस जे द्यावेसे वाटते तेवढेच घेऊन जाऊ नये. आणि शेवटच्या वाक्याचा मथितार्थ मनात ठसवून घ्यावा. बरोबर प्रार्थना करणे हे दुसऱ्याच्या तयारीवर अवलंबून आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करणे हे केवळ आपणांवर आहे.

५. तयारीचे फळ

१९१६ च्या डिसेंबरात हार्डी लिंकनशर रेजिमेंटच्या आठव्या पलटणीकडे गेले. रात्रीच्या वेळी ते चिखलातून खंदकाखंदकांतून फिरत आणि अंधारात पहारेकऱ्याने हटकले म्हणजे, दुसरा कोणी नाही, केवळ मीच आहे, असे हळूच म्हणत. त्यांचे हे बोलणे सर्व पलटणीत प्रसिद्ध झाले. कोणी मोठे आले आहे असे त्यांस कधी वाटू दिले नाही.

१९१७ च्या ऑक्टोबरात बेल्जममधील पाशेंडेलच्या लढाईत पाऊस व तोफगोळे ह्यांनी सर्व जमीन दलदल झाली होती, आणि माणसे कमरेपर्यंत रुतून पडत. हार्डी ह्यांचे मनगट मोडले होते, हात फळीस बांधलेला होता. तशा स्थितीत ते गस्तीबरोबर रांगत शत्रूच्या ठाण्यापासून ७० यार्डांच्या आत गेले आणि जखमी माणसांजवळ गोळीबारात राहिले.

१९१८ च्या एप्रिलातील तीन प्रसंग सरकारी नोंदीत आहेत. ५ तारखेस एका उद्ध्वस्त खेड्यात गेलेल्या गस्तीवर गोळीबार झालेला ऐकून ते तिच्या मागोमाग गेले. आपल्या फळीपासून सुमारे ४०० यार्ड पुढे एक अंमलदार मरणोन्मुख पडलेला त्यांस सापडला. त्याला एकट्याने आणणे शक्य नव्हते, म्हणून मदत मिळेपर्यंत ते त्याच्यापाशी राहिले. त्या वेळात शत्रूची टोळी त्यांच्या व आपल्या फळीच्या मध्ये येऊन तीन शिपाई पकडून घेऊन गेली. २५ तारखेस एका चौकीवर तोफगोळा पडून माणसे मातीखाली पुरली गेली. तोफा चालू असता, डोक्यावर पडू पाहणाऱ्या भिंतीच्या कडेस, हार्डी हातांनी माती उकरीत राहिले. एक मनुष्य जिवंत निघाला. दुसरा निघाला तेव्हा त्याचा प्राण गेलेला होता. पुढल्या दिवशी रोसिन्योल नावाच्या रानात एक जखमी शिपाई शत्रूच्या चौकीपासून अवघ्या दहा यार्डांवर पडलेला होता. अंधार पडल्यावर हार्डी एका सार्जंटापाशी आले, त्यास बरोबर घेतले, आणि दोघांनी मिळून त्या माणसास उचलून आणिले.

ह्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या महायुद्धात हा मान तीनच पाळकांस मिळाला, त्यांपैकी ते एक. १९१८ च्या ऑगस्टात पंचम जॉर्ज राजाने तो स्वहस्ते त्यांच्या छातीवर लाविला. पुढल्या महिन्यात राजाने त्यांस आपल्या पाळकांत नेमिले. मायदेशी परतण्यास ह्याहून चांगली सबब कोणती असू शकते? वय झालेले, मान मिळालेला, राजाची नेमणूक हाती. परंतु त्यांची माणसे पुढे होती, म्हणून तेही पुढेच राहिले.

ऑक्टोबरात सेल नदी ओलांडताना रात्री त्यांच्या मांडीत गोळी लागली. रुआं येथील इस्पितळात १८ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांनी देह ठेविला. पंचावन्नावे वर्ष पुरे होण्यास दोन दिवस उणे होते. त्यानंतर अवघ्या २४ दिवसांनी, ११ नोव्हेंबरास, तोफा थांबल्या.

पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो की, आम्ही तुम्हांस देवाची सुवार्ताच नव्हे, तर आपला जीवही देण्यास राजी होतो. हार्डी ह्यांनी केलेले कोणतेही भाषण आज कोणास आठवत नाही. परंतु ह्या एका वचनाचे विवरण त्यांनी चिखलात लिहून ठेविले.

६. एक अडचण

तरी आरंभीचा दुसरा प्रश्न राहतोच. पाळक फौजेबरोबर गेला म्हणजे युद्धास आशीर्वाद दिल्यासारखे होत नाही काय?

हा धोका खरा आहे, तो नाकारू नये. आपल्या राजाची बाजू तीच देवाची बाजू, असे शिकविणारे पाळक प्रत्येक देशात झाले आहेत. अनुवादातील याजक भय घालवितो, द्वेष भरीत नाही, हे ते विसरले. ज्या केनेडींनी हार्डींस सल्ला दिला त्यांनी मेसीनच्या लढाईत शौर्याबद्दल पदक मिळविले, आणि तेच युद्धानंतर, युद्ध हे पाप आहे असे इंग्लंडभर सांगत फिरले. ज्याने मरणाऱ्यांचे हात धरिले होते त्यालाच युद्ध काय असते हे पुरते कळले होते.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. युद्ध योग्य की अयोग्य, ह्याचा निवाडा होईपर्यंत खंदकातील मनुष्य मरावयाचा थांबत नाही. वैद्य तापाच्या बाजूचा असतो म्हणून रोग्याच्या खाटेपाशी जात नाही. पाळक युद्धाकडे जात नाही. तो माणसाकडे जातो. तो शस्त्र घेत नाही; जीनिव्हाचे करारही त्यास लढणाऱ्यांत मोजीत नाहीत, आणि जखमी शत्रू हातात आला तर त्याचीही सेवा त्याने करावयाची असते. इतके सांभाळिले तर तो शांतीच्या अधिपतीचाच सेवक राहतो.

आपल्या भारतीय सेनेतही ही सेवा आहे, हे मातांनी समाधानाने ऐकावे. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्षू ह्यांच्याप्रमाणे पाद्रीही धर्मशिक्षक म्हणून नेमिले जातात. अंत्यविधि करणे, इस्पितळातील आजाऱ्यांस भेटणे, शिक्षा भोगीत असलेल्या शिपायांकडे जाणे ही त्यांची नेमून दिलेली कामे आहेत. आपल्या पुण्यातच सेनेची राष्ट्रीय एकात्मता संस्था आहे आणि तेथे निरनिराळ्या धर्मांचे हे शिक्षक एकत्र शिक्षण घेतात. आपल्या एखाद्या पदवीधर तरुणास ह्या सेवेचे पाचारण होत असेल, तर मंडळीने त्यास मागे ओढू नये.

७. आपला खंदक कोठे आहे?

आता पाठ आपल्या दाराशी आला आहे. मी माझ्याच मंडळीची एक गोष्ट सांगतो, आणि ती लाजेने सांगतो.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की अर्धे गाव ऊसतोडणीस निघते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचा कोयता ठरलेला असतो. लहान मुले, शेळ्या, भांडी गाडीत घालून ते कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. तितके महिने मी देवळात घंटा वाजवीत असे, आणि समोर म्हातारेकोतारे बसत. वर्गणी कमी आली म्हणून मी अहवालात खेदही लिहीत असे.

काही वर्षांपूर्वी एक बहीण तोडणीहून परतली. तिचे तान्हे मूल तेथे तापाने गेले होते. ती म्हणाली, "पाद्रीबाबा, लेकराला मातीत ठेवलं तेव्हा एक शब्द बोलायला कोणी नव्हतं. ह्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली, पण निम्म्यातच शब्द आठवेनात. तशीच माती लोटली." मी म्हणालो, "बाई, मला निरोप पाठवायचा होता." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाठवला असता, तर तुम्ही आला असता का?"

तिने रागाने विचारिले नाही. तिला खरोखरच ठाऊक करून घ्यावयाचे होते. आणि मजपाशी उत्तर नव्हते, कारण त्या दिवसापर्यंत तिकडे जावे असे माझ्या मनातही आले नव्हते. हार्डींची गोष्ट मी सेमिनरीत ऐकिली होती, तिच्यावर उपदेशही केला होता. परंतु माझा खंदक उसाच्या फडात आहे हे मला त्या बहिणीने दाखविले.

तेव्हापासून मी जे थोडे करितो ते उपदेशक बंधूंच्या उपयोगासाठी लिहितो. वरील चार कलमे येथेही लागू पडतात.

हाताची तयारी : टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाचे नाव, मुकादमाचे नाव आणि कारखान्याचे गाव वहीत लिहून घ्यावे. ताप, कोयत्याची जखम, सर्पदंश झाल्यास जवळचे सरकारी इस्पितळ कोठे आहे ह्याची चौकशी आपण अगोदर करून त्यांस सांगावी.

शिकण्याची नम्रता : केव्हा यावे हे त्यांस विचारावे. मी प्रथम रविवारी सकाळी गेलो, तर सर्व जण फडात होते; तोडणीस रविवार नाही. पहाटेच्या अंधारात माणसे निघून जातात. रात्री भाकरी थापताना, चुलीपाशी, हीच उपासनेची वेळ.

राहण्याचा निश्चय : मुकादमाच्या खुर्चीवर बसून परत येऊ नये. एक रात्र तरी कोपीत निजावे. थंडी कशी लागते ते कळले म्हणजे प्रार्थना वेगळी होते.

काय न्यावे : जुनी पण धड पांघरुणे, लेकरांसाठी पाटी-पेन्सिल, घरच्या म्हाताऱ्यांचा निरोप. आणि प्रत्येक टोळीतील एका वडील माणसास प्रभूची प्रार्थना व दफनाच्या वेळची एक लहान प्रार्थना निघण्यापूर्वी पाठ करवावी. पुनः कोणा बापाचे शब्द निम्म्यात थांबू नयेत.

मी काही मोठे करीत नाही. हंगामात दोनदा जातो, एवढेच. तिसऱ्या वर्षी ती बहीणच अंधारात कंदील घेऊन वाटेवर उभी होती. "कोण आहे?" असे तिने विचारिले. मी म्हणालो, "मी आहे, बाई." तिने आत हाक मारिली, "चहा ठेवा, आपले पाद्री आले."

उत्तम मेंढपाळ आणि मोलकरी ह्यांतील भेद प्रभूने योहानाच्या दहाव्या अध्यायात सांगितला आहे. लांडगा येईपर्यंत दोघे सारखेच दिसतात. जो मेंढरांबरोबर रानात गेलाच नाही, त्याची परीक्षा होण्याचीही वेळ येत नाही. आणि तीच त्याची हानि आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. अनुवाद २० मध्ये याजक काय बोलतो, आणि काय बोलत नाही?
२. भ्यालेल्या माणसाशी शास्त्र कसे वागते? आपण आपल्या मंडळीत कसे वागतो?
३. चॅप्लेन ह्या शब्दाचे मूळ सांगा. त्यावरून ह्या सेवेचे कोणते स्वरूप दिसते?
४. अर्ज नाकारला गेल्यावर हार्डी ह्यांनी काय केले? देवाच्या कामात आपणांस नकार मिळाला तेव्हा आपण काय केले?
५. "बरोबर प्रार्थना" आणि "साठी प्रार्थना" ह्यांत भेद कोणता?
६. आपल्या मंडळीतील कोणती माणसे वर्षातील काही महिने आपणांपासून दूर असतात? त्यांची नावे येथेच लिहून काढा. त्यांच्याकडे कोण जाणार?

प्रार्थना

हे प्रभु येशू, तू स्वर्गात राहून आम्हांस निरोप पाठविला नाहीस. तू आमच्या चिखलात उतरलास. जे पुत्र सीमेवर पहारा करीत आहेत, जे थंडीत व अंधारात एकटे आहेत, त्यांच्यापाशी उभा राहा. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या तुझ्या सेवकांस निर्भय, नम्र व प्रेमळ कर. जे उसाच्या फडात, वीटभट्टीवर, परक्या गावी आहेत, त्यांच्याकडे आम्हांस पाठीव. आम्ही येऊ काय, असा संशय आमच्या माणसांच्या मनात पुनः उरू देऊ नकोस. युद्धे थांबीव, आणि तुझ्या शांतीचे राज्य लवकर येवो. आमेन.